बगळ्याचा घास

पक्षाघातानंतर बाबांचं गिळणंच गेलं. नाकातून नळी आणि नळीतून मुगाचं पाणी. परत कधी गिळता येईल, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात. मोकळ्या हवेत न्या म्हणाले, म्हणून मी रोज संध्याकाळी धरमपेठेतल्या घरून त्यांना चाकांच्या खुर्चीवर फुटाळा तलावाच्या काठी न्यायचो.

आमच्याकडे बाबा ताटावर बसल्याशिवाय कोणी घास घेत नाही. कुहीला शेतावर राहायचो तेव्हापासूनची ही रीत. आता त्यांना ताटच नव्हतं. मग आम्ही नवराबायको स्वयंपाकघराचं दार लावून, भांडं न वाजवता, चोरासारखे जेवायचो. फोडणी तर बंदच केली होती. वर तोंड करून मी बाबांना सांगायचो, आज भूकच नाही.

त्या दिवशी उथळ पाण्यात एक बगळा उभा होता. बराच वेळ तो हललाच नाही. मी कंटाळून खुर्ची वळवू लागलो, तर बाबांनी हातानं थांबवलं. तेवढ्यात बगळ्यानं मान झटकन पाण्यात घातली. वर आली तेव्हा चोचीत तळहाताएवढा मासा तडफडत होता. त्यानं तो उडवून डोक्याकडून धरला आणि मान वर केली. मासा गळ्यातून खाली उतरताना काठावरूनही दिसत होता.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा कंठमणी वरखाली होत होता. मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण, हे मला माहीत नव्हतं का? अक्कल कुठे गहाण ठेवली होती मी? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चला बाबा, डास चावून राहिले," मी म्हणालो.

"काय घाई हाय गा," ते जड जिभेनं म्हणाले. "मस्त गिळला त्यानं." मग पाण्याकडे बघतच, "तुमी दार लावून काहून जेवता? मले काय समजत नाही?"

मी खुर्चीमागून पुढे येऊन त्यांच्या पायाशी बसलो.

"माह्यासमोर जेवत जा. पाहू दे मले."

घरी आल्यावर त्यांच्या खाटेजवळ ताट घेऊन बसलो. बायकोनं बऱ्याच दिवसांनी वरणाला लसणाची फोडणी दिली होती. पहिला घास तोंडात घेतला, तो काही केल्या खाली उतरेना. बाबा माझ्या गळ्याकडेच बघत होते.

"गिळ ना गा," ते म्हणाले.