पाहुण्याचं ताट

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर क्षमा असावी. शहरातल्या महाल भागात जेवताना भिवापुरी मिरचीचा ठसका लागला, की आमच्या बौद्ध वस्तीची विहीर खणायला आलेला परदेशी स्वयंसेवक आठवतो. पाटलाच्या अंगणात चहा पिऊन आमची माणसं आपली कपबशी स्वतः विसळत, हे त्यानं पाहिलं होतं. गावची रीतच समजून, आमच्याकडे चटणी-भाकर खाल्ल्यावर तोही ताट घेऊन उठला. आई कळवळली, “ठेव गा ते! आमच्या घरी पाहुणा ताट नाही धुवत.” “मग तिकडे काहून धुता?” त्यानं आमच्याकडूनच शिकलेल्या बोलीत विचारलं. आईनं ताट त्याच्या हातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाटलाकडे त्यानं आमच्या सगळ्यांच्या कपबश्या विसळल्या. पुन्हा तिथे त्याला चहा मिळाला नाही. परवा पेपरात वाचलं, तो त्याच्या देशात मंत्री झाला. आईला सांगितलं, तर म्हणाली, “त्याले ये म्हण. ताट मीच धुईन.”