रेश्माची चार पानं

ज्या मुलीला तुम्ही बोलायला शिकवलं, भांडायला शिकवलं, पण समोरच्याचं ऐकायला शिकवलं नाही, तिच्या हाती लेखणी देताना तुम्हाला भीती कशी वाटली नाही?

हा प्रश्न आधी माझ्या बाबांना आहे. मग त्यांच्या युनियनमधल्या सगळ्या काकांना, आणि माझ्यासारख्या घर सोडून शिकायला आलेल्यांनीही तो आपल्या घराला विचारून पाहावा.

इचलकरंजीच्या स्टँडवर मला सोडायला बाबा आले, तेव्हा त्यांच्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. यंत्रमाग कामगारांची जुनी, उरलेली पत्रकं. "मागची बाजू कोरी आहे. कच्चं लिहायला होतील." आई म्हणाली, "अहो, पोरगी इंजिनिअर व्हायला चालल्या, संपाला नव्हं." शेजारचे दोघं-तिघं हसले, बाबाही हसले. मी नाही हसले. मला तो गठ्ठा मिळाल्याचा अभिमान वाटत होता. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांवरच. आठवीत पहिलं पत्रक लिहिलं, तेव्हा बाबांनी त्यातल्या सात ओळी खोडल्या होत्या. मागावरच्या एका मावशींना खोकल्यामुळे झोप लागत नाही, एवढंच त्या ओळींत होतं. "रडगाणं छापायचं नसतं गं. मागणी छापायची."

तीच शिकवण घेऊन मी इंजिनिअरिंगसाठी खांदेश्वरला आले. चौघींत एक फ्लॅट. गॅलरीत कपडे वाळत घातले तरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकणारे अंकल. तिकडे गल्लीत मागांच्या खडखडाटात आम्ही ओरडून बोलायचो. इथं दार लावलं की काहीच ऐकू येत नाही, आणि त्या शांततेत मला वाचताही येईना. लेक्चरला बसून मी कथा लिहायचे आणि कथा लिहायला बसले की सबमिशनची धास्ती वाटायची. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, दोन केट्या लागल्या. कधीकधी चार-चार दिवस केस विंचरायचे नाही. घरून फोन आला की म्हणायचे, "मस्त चाललंय, टेन्शन नका घेऊ." रडगाणं सांगायचं नसतं ना.

लॅबमध्ये माझ्या टेबलावर रेश्मा होती. द्रोणागिरीजवळच्या गावची. आई मासे विकायची, वडील आधी खाडीवर जायचे, आता गोदामात वॉचमन. "काय लिवतंस गो सारखी?" ती विचारायची. "तुमच्याकडं मासा तरी वलखतान का? की त्याचं पन पत्रक काढतान?" तिच्याइतकं मला इथं कुणी हसवलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तिचं हसणं कमी झालं. माझ्या ते लक्षात आलं नाही, हे इथंच कबूल करते. एक दिवस तिनं जर्नलमधून फाडलेली चार पानं माझ्या हातात दिली. म्हणाली, "फक्त तू वाच."

आमच्या घरात लिहिलेला कागद वाटण्यासाठीच असतो. एकट्यानं वाचायचाही कागद असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या पानांत खाडीवर पडलेला भराव होता, खिळ्याला टांगून ठेवलेलं वडिलांचं जाळं होतं, कंटेनरच्या रांगा होत्या. आणि मध्येमध्ये ती होती. तीन आठवडे झोप नाही. सकाळी अंग उचलत नाही. कॉलेजचा स्टॉप आला तरी उतरू नये, बस जाईल तिथं जावं आणि परत येऊच नये, असं वाटतं. मी पेन काढलं. खाडी ठेवली, जाळं ठेवलं. झोपेच्या ओळी खोडल्या, बसची ओळ खोडली. शेवटी तीन मागण्या जोडल्या. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवरून ते वाचलं, वाचून झाल्यावर तिचं नाव सांगितलं. तिला खूश करायचं होतं मला! टाळ्या थांबत नव्हत्या. ज्या सरांना माझं नाव माहीत नव्हतं, त्यांनी येऊन हात मिळवला.

रेश्मा तिसऱ्या रांगेत होती. खाली आल्यावर मी विचारलं, "कसं झालं?"

"बरा झाला. पन मी कुठं हाय त्याच्यात?"

"अगं, तुझ्या गावाचाच तर आवाज आहे!"

"गावाचा हाय. मी कुठं हाय?"

सोमवारपासून ती आली नाही. फोन बंद. पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, उशाशी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट. मी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. तिच्या आईनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. "तुला लिवून दिल्लं व्हतं ना गो तिनं? आमाला वाचता येत नाय. तुला तर येतं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि निघाले.

रेश्मा जिवंत आहे, औषधं चालू आहेत. तिनं कॉलेज सोडलं. माझ्याशी ती बोलत नाही, आणि तिनं बोलावं असं म्हणायचा हक्क मला नाही. त्यानंतर मी काही लिहू शकले नव्हते, हे पहिलंच. मीही आता दर बुधवारी समुपदेशक मॅडमकडे जाते. "मला झोप लागत नाही," एवढं साधं वाक्य उच्चारायला मला दोन बुधवार लागले.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या खोकणाऱ्या बाई पुढच्याच वर्षी गेल्या. तुला सांगितलं नव्हतं." घराची ओढ अजून वाटते, पण आता मला ठाऊक आहे की अन्यायावर गर्जणाऱ्या त्या घरात आजारी माणसाला कण्हायला जागा नव्हती. मी तेच घर सोबत घेऊन आले आणि रेश्माला त्यात ओढलं. दुसरं घर मला माहीत नाही. ते कसं असतं, ते मी अजून कुठं पाहिलेलं नाही.

म्हणून एक मागते. तुम्हाला कुणी विश्वासानं काही लिहून दिलं असेल, तर ते आज काढा आणि पेन दूर ठेवून पुन्हा वाचा. झोपेची, जेवणाची, कुठंतरी निघून जाण्याची एखादी ओळ दिसली, तर तिथंच थांबा. त्या माणसाच्या घरी जा. शेजारी बसा, विचारा, आणि डॉक्टरकडे जायचं ठरलं तर त्याला एकट्यानं जाऊ देऊ नका.