कॅम्पमधला खिळा

अंबरनाथ पूर्वेच्या एका शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. व्याकरणाला पोरं कंटाळायची, म्हणून तास संपत आला की एखादा रोजचा शब्द फळ्यावर लिहून त्याची कुळकथा सांगायचो. एकदा 'कॅम्प' घेतला. मूळ लॅटिन, अर्थ मोकळं मैदान, शेत. त्या मैदानात सैन्याने तंबू ठोकले आणि नाव तंबूंना चिकटलं. मग एका मताच्या लोकांचा गट तो कॅम्प, सुट्टीत पोरांना डोंगरावर नेतात तो कॅम्प, फुकट मोतीबिंदू तपासतात तोही कॅम्पच. मागून कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही राहता तो कुठला?" "तो माझा पत्ता," मी म्हणालो. वर्ग हसला.

मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहायचो. आधी लष्कराच्या बराकी, फाळणीनंतर त्यांत सिंधमधून आलेली कुटुंबं, मग बराकी पाडून इमारती. एवढं होऊनही नाव तेच राहिलं. आम्ही मूळचे बदलापूर गावातले, भातशेती करणारे. नोकरीपायी वडील इकडे आले. आईला या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग आपलं शेत काय वाईट होतं?"

आमच्या शेजारी एक सिंधी म्हातारी राहायची. तिला सगळे दादी म्हणत. आईच्या कडेवर बसून ती इथे आली, ती इथलीच झाली. तिच्याकडे गेलं की पाण्याच्या ग्लासाबरोबर भाजलेला पापड यायचाच. तो खाल्ल्याशिवाय सुटका नसे. घर लख्ख, पण भिंती उघड्याबोडक्या. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलेलं आणि नवऱ्याचा हार घातलेला फोटो फ्रिजवर, भिंतीला टेकवून ठेवलेला. मला ते बघवेना. एके दिवशी हातोडी घेऊन गेलो, तर तिने ती माझ्या हातातून काढूनच घेतली.

"मास्टरजी, कॅम्प में कील नहीं ठोकते. मेरी माँ बोलती थी, थोड़े दिन की बात है. कील घर में ठोकेंगे."

तिची आई थोडे दिवस थोडे दिवस करत इथेच वारली. दादीने मात्र आईचा शब्द मोडला नाही. मुलाने बदलापूरला नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला होता, त्यातली फोटोची भिंतसुद्धा तिने ठरवून ठेवली होती. टॉवरचं काम सांगाड्यावरच अडलं. मी तिला चिडवायचो. आमच्या भिंतींत इतके खिळे होते, की बायको गेली तेव्हा तिच्या फोटोसाठी नवा मारावाच लागला नाही. कॅलेंडर काढलं आणि तिथे तिला लावलं. हे दादीला सांगितलं तेव्हा ती नुसता माझा हात धरून बसली.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचा स्लॅब कोसळला. माणसं वाचली, पण इमारत धोकादायक ठरली आणि दारावर नोटीस लागली. ज्यांना जायला जागा नव्हती त्यांची सोय एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये. त्याचं नाव ट्रान्झिट कॅम्प. समजवायला आलेला माणूस दादीला म्हणाला, "थोड़े दिन की बात है, अम्मा." बिचारा चांगल्या मनानेच बोलला, तरी मला त्याचा भयंकर राग आला. दादी खालमानेने पदराचं टोक चुरगळत राहिली.

निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्या दारात आली.

"मास्टरजी, हथौड़ी है?"

"दादी, कल तो निकलना है."

"मालूम है. बदलापुर वाला घर मैं नहीं देखूँगी. एक दिन तो ये मेरा घर हो."

मी खिळा मारायला गेलो. पहिल्या जागी प्लास्टरचा पोपडाच निघून हातात आला, दुसऱ्या जागी खिळा बसला. तिने फोटो लावला, सरळ केला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे जाऊन नीट बघितला. मुलगा मान खाली घालून बसला होता. मग तिने आम्हा दोघांना पाणी आणि पापड दिला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच फोटो काढून पिशवीत घातला. खिळा तसाच राहिला.

त्या हॉलमध्ये ती फार दिवस टिकली नाही. मायलेकी दोघीही कॅम्पमध्येच गेल्या. मुलगा फोनवर एवढंच म्हणाला, "दादी गई, मास्टरजी." आईला तोही दादीच म्हणायचा.

आता मी अंबरनाथ पूर्वेला भाड्याने राहतो. चावी देताना घरमालकाने ताज्या रंगाच्या भिंती कौतुकाने दाखवल्या. तरणाताठा माणूस, बोलायला गोड. "काका, तेवढं भिंतीत खिळे मारू नका हां. तुम्हाला काय, थोडे दिवस तर काढायचेत."

मी बरं म्हणालो. बायकोचा फोटो फ्रिजवर ठेवलाय, भिंतीला टेकवून. फ्रिज सुरू झाला की तो थरथरतो आणि हळूहळू पुढे सरकत काठाशी येतो. मी उठतो आणि त्याला परत मागे लावतो.