हिराकाकीच्या बाटलीतले थेंब

"याआधी डोळ्यात कुठलं औषध घातलंत?" माझ्या उजव्या डोळ्यावरचा उजेड बाजूला करत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मागे उभी असलेली हिराकाकी पुढे झाली. पदराची गाठ सोडून तिनं बाटली काढली. "माझी हाय. मीच घातला तिचे डोल्यान. पोर रडून रडून तळमळत होती."

बाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. मग म्हणाल्या, "फंगल कॉर्नियल अल्सर आहे." म्हणजे बुबुळावर बुरशीची जखम. मला तोवर वाटायचं, बुरशी भाकरीला लागते.

कासूच्या शाळेत ते फुकट शिबिर होतं. डॉक्टर शहरातून आपल्या खुशीनं आलेले. वर्गात डोळे तपासत होते, व्हरांड्यात दात.

मी हिंगोलीकडची. पाचवीतच शाळा सुटली. नवरा रोह्याला कंपनीत कंत्राटावर. गडब गावात हिराकाकीच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहतो. तिच्या खळ्यावर भात झोडताना माझ्या डोळ्यात तूस उडालं. आधी नुसतं खुपलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, पाणी थांबेना.

काकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच्या शिबिरात झालेलं. त्या वेळची बाटली तिनं जपून ठेवली होती. आमच्या आळीत अशी बाटली एका घरची नसतेच. कालवणाच्या वाटीसारखी ती फिरते, ज्याचा डोळा दुखेल त्याच्या घरी. काकीनं थेंब घातले आणि आग खरंच थांबली. मी तिच्या पाया पडले.

त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. म्हणजे सूज दाबणारं औषध. ऑपरेशननंतर ते चांगलं, पण माझ्या डोळ्यात त्यानं बुरशीला रान मोकळं झालं. "आग थांबली, म्हणून तुम्ही लवकर आला नाहीत," बाई म्हणाल्या.

काकीनं बाटली परत गाठीत बांधायला घेतली. गाठ काही बसेना.

मग पेणच्या दवाखान्यात फेऱ्या. कॉर्नियल स्क्रेपिंग झालं, म्हणजे बुबुळावरचा थर खरवडून तपासायला नेला. तासातासाला नवे थेंब. रात्री काकी मला उठवायची. थेंब मात्र तिनं कधी घातले नाहीत. बाटली माझ्या हातात द्यायची आणि तोंड फिरवायची.

जखम भरली. डाग राहिला, पांढरा. त्या डोळ्यानं उजेड-अंधार तेवढा कळतो. दुसऱ्याचं दान केलेलं बुबुळ बसवायला नाव लावलंय. "बसवलं तरी टिकेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. आईला अजून सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर मी डावीच बाजू धरते. तो डोळा जरा चुरचुरला, की मी आधी आरशापुढे जाते.

तरी शिबिरातल्या त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत. खरं तेच सांगितलं त्यांनी, आणि काकीला एक शब्द लावून बोलल्या नाहीत.

यंदाच्या शिबिरात त्यांनी मला औषधांच्या टेबलापाशी बसवलं. प्रत्येकीला मी सांगते, "बाटली फक्त तुमची. काम झालं की ओतून टाका."

एक म्हातारी फणकारली, "शेजारनीचा डोला दुखला त मी काय बगत बसू?"

हिराकाकी माझ्याजवळच होती. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड म्हातारीकडे वळवलं.

मी वळवू दिलं.