दत्ताभाऊंच्या कार्बुरेटरवरचा ठिपका

“हे माह्यं कार्बुरेटर नोहे, मिस्त्री.”

रिठदचे दत्ताभाऊ जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बोलले, पण आवाज शेलूबाजारच्या अर्ध्या चौकाला ऐकू गेला. शेजारच्या चहावाल्याने गाळणी हातात धरूनच कान इकडे केला.

जीप त्यांच्या वडिलांची, पेट्रोलवरची. अशा जुन्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला पाजायचं काम कार्बुरेटर करतं. ओरिजिनल आता सहज मिळत नाही. म्हणून मिस्त्री ते काढून घेतो आणि डुप्लिकेट बसवतो, असा लोकांचा समज आहे. समज अगदीच खोटा नाही. फक्त मी तसा नाही. पण हे मीच सांगून काय उपयोग?

“काहून नोहे?”

“खालून बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देला होता मी. कुठी हाय तो?”

म्हणजे माणूस मला चोर धरूनच आला होता! आता मलाही त्यांचा संशय. ठिपका दिलाच होता कशावरून?

“थिनरमदी धुतलं भाऊ. नेलपॉलिश राह्यते काय?”

“वा! चोरबी तुमी अन् वकीलबी तुमीच!”

चहावाला हसला. झालं. ही गोष्ट गावोगाव गेली की जुनी गाडी माझ्या दारात कोण लावणार?

“चालू तर करून पाहू,” मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं. पण पाय काढला की बंद. ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन आपलं आपण हळू चालत राहतं, त्याला आयडलिंग म्हणतात. तेच होईना. स्क्रू आत फिरवला, बाहेर फिरवला. इंजिन हुंदके देऊन गप्प.

“डुप्लिकेटच हाय!” दत्ताभाऊंना नुकसानीपेक्षा आनंदच जास्त झालेला दिसला.

आता माझा माझ्यावरच संशय. कार्बुरेटर पुन्हा उघडलं. आयडलिंगचं जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक असलेला पितळी स्क्रू. उन्हात धरला की आरपार उजेड दिसायला हवा. मी मोठा उस्ताद, बसवताना पाहिलंच नव्हतं. बारीक तार घातली, तर लाल पापुद्रा बाहेर आला. सगळे भाग एकाच डब्यात भिजवायची माझी सवय. ठिपका सुटून जेटमध्ये जाऊन बसला होता.

गॅरेजमागेच आमचं घर. गलका ऐकून बायको आली. पापुद्रा निरखून म्हणाली, “हा रंग माह्या नोहे. कोनाचा हाय?”

मी दत्ताभाऊंकडे पाहिलं. चहावाल्यानेही पाहिलं.

“आमच्या घरचाच हाय, वयनी,” दत्ताभाऊ हळूच म्हणाले.

जेट साफ झालं. जीप अशी शांत चालली की बॉनेटवर ठेवलेला चहा सांडेना. माफीबिफी काही नाही. “पुढच्या बारीले ऑइलपेंट लावतो,” एवढं बोलून दत्ताभाऊ गेले.

आता जुनी गाडी आली की मी आधीच विचारतो, “खूण केली काय?” आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. कुठं केली, ते मात्र कोणी सांगत नाही.