सरांची मुलगी गणवेशाच्या दुकानात

माझे बाबा शाळेत इतिहास शिकवतात, पण सोलापुरात त्यांचं नाव आहे ते वादविवाद स्पर्धांमुळे. दरवर्षी ते पोरांना भाषणं लिहून देतात, आणि एकाच विषयाची दोन्ही बाजूंची देतात. सकाळी ते मोबाईलच्या बाजूने असतात, दुपारी विरोधात, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. आईला वाटतं. ती म्हणते, या माणसाला भाजी कुठली करू विचारलं तरी हा दोन्ही बाजू मांडतो आणि शेवटी निर्णय माझ्याच गळ्यात मारतो.

‘विद्यार्थ्यांनी शिकता शिकता नोकरी करावी का?’ हा त्यांचा हातखंडा विषय. त्याची दोन्ही भाषणं आमच्या बाहेरच्या खोलीत इतक्या पोरांनी घोकली आहेत की मला ती न शिकता पाठ झाली. बाजूने बोलायचं तर, ‘श्रमाच्या घामाने भिजलेलं पान परीक्षेत कोरं राहत नाही!’ आणि विरोधात असाल तर, ‘विद्यार्थ्याच्या हाती वही शोभते, वजनकाटा नव्हे!’ त्यातल्या ‘नव्हे’वर मूठ आपटायची असते. आमच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो तो त्या ‘नव्हे’मुळे.

दहावीची परीक्षा संपली आणि मी जाहीर केलं की मला नवी पेठेतल्या गणवेशाच्या दुकानात काम करायचंय. घरात पैशाची अडचण नव्हती. अडचण अशी होती की मी जन्मल्यापासून सरांची मुलगी होते. बाबांच्याच शाळेत शिकले. मला कमी मार्क पडले तर ‘सरांची मुलगी असून?’ आणि जास्त पडले तर ‘सरांचीच मुलगी ना!’ म्हणजे दोन्हीकडून माझं काहीच नाही. मला एक अशी जागा हवी होती जिथे जे काही बरंवाईट होईल ते माझ्या खात्यावर पडेल.

बाबा नाही म्हणाले. मग मी सोफ्यासमोर उभी राहिले, एक हात पाठीमागे घेतला आणि त्यांचंच बाजूचं भाषण ‘सन्माननीय परीक्षक’पासून सुरू केलं. आई हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘घामाने’ झाल्यावर जरा थांबायचं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाला शिकवतोय, आणि चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. पण तोवर ते हरले होते.

हरलेला शिक्षक अटी घालतो. सुट्टीभर काम कर, म्हणाले. अकरावी सुरू झाल्यावर संध्याकाळचं काम चालू ठेवायचं तर ठेव, पण पहिल्या चाचणीत एका जरी विषयात नापास झालीस तर त्या दिवसापासून दुकान बंद. शिवाय ओळखीच्या कुणी तुला तिथे बघता कामा नये. मी म्हटलं, ओळखीचं कोण येतंय तिथं? शाळेतल्या सरांची मुलगी, गणवेशाचं दुकान आणि जून महिना. बाबांनी हे मान्य कसं केलं, मला अजून कळलेलं नाही.

अख्खी शाळा आली. शिपाईमामासुद्धा नातवाला घेऊन आले. पण गंमत अशी झाली की काउंटरच्या मागे उभं राहिल्यावर मी सरांची मुलगी आहे याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. त्यांना चड्डी हवी होती, आणि ती आत्ता हवी होती.

दुकान चालवायच्या त्या बाई अक्कलकोटकडच्या. त्यांना सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. अक्कांनी पहिल्याच दिवशी मला धंद्याचं एकमेव शास्त्र शिकवलं. म्हणाल्या, माप पोराचं घ्यायचं न्हाय, आईच्या तोंडाचं घ्यायचं. कारण आपल्याकडे कुठलीच आई पोराच्या मापाचा शर्ट घेत नाही. ती ‘वाढत्या अंगाचा’ घेते. पोरगं त्या शर्टात बुडून जातं, फक्त कान बाहेर दिसतात, आणि आई कॉलरमध्ये दोन बोटं घालून विचारते, पुढच्या वर्षी जाईल ना हा? मग दोन्ही वर्षं पोराची वाया. पहिल्या वर्षी शर्ट ढगळा, दुसऱ्या वर्षी विटलेला, आणि नेमका अंगाला बसतो तेव्हा बगलेत उसवलेला असतो.

पण मला ते काम जमलं हो! आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी कुणी न शिकवता येत होतं. पोरगं दुकानाची पायरी चढतानाच मला कळायचं की ह्याला कुठलं माप लागेल, ह्याची आई कुठलं मागेल, आणि भांडण कुठे येऊन मिटेल. रडणाऱ्यांना हसवायचे, हट्टी बापांना वाटेवर आणायचे. अक्का एकदा गिऱ्हाइकापुढे म्हणाल्या, ही पोरगी लई हुशार हाय. मी त्या रात्री जेवताना ते घरात तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, ‘हो, कळलं.’

अकरावीला मला सायन्स घेऊन दिलं. घेऊन दिलं हाच शब्द बरोबर आहे, कारण बाबांनी ते वाढत्या अंगाचंच घेतलं होतं. पुढे होईल बरोबर, म्हणाले. मी भौतिकशास्त्रात बुडून गेले, कानही दिसेनात. दिवसा कॉलेज, संध्याकाळी दुकान, आणि गणपतीच्या आधी चाचणी झाली. भौतिकशास्त्रात नापास. काठावर वगैरे नाही, चांगली मजबूत नापास.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. मी टेबलाचा आणखी एक पाय मोडला असता. पण ते शांतपणे म्हणाले की उद्या संध्याकाळी मी स्वतः येऊन तुझ्या अक्कांना सांगतो. मी मोरीत नळ सोडून रडले. मला भौतिकशास्त्राचं काडीचंही दुःख नव्हतं. दुकान जाणार, ह्याचं रडू येत होतं, आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

इथे बाबांच्या लाडक्या विद्यार्थिनीबद्दल सांगायला हवं. दहावीतली मुलगी, शहराच्या पूर्व भागात राहणारी. घरात तेलुगू, पण व्यासपीठावर मराठी अशी की बाबा मला ऐकवायचे, शीक जरा तिच्याकडून. नोकरीच्या विषयावर ती विरोधात बोलायची. शहरातली फेरी तिने जिंकली होती आणि आता जिल्ह्याची यायची होती. रविवारी आमच्याकडे सरावाला यायची, दोनदा पोहे घ्यायची आणि ‘नव्हे’वर अशी मूठ आपटायची की आई कपबशा उचलून आत न्यायची. मला ती अजिबात आवडत नव्हती. बाबांची तिच्याबद्दल एकच तक्रार होती, की ही त्यांच्या पहिल्या तासाला झोपते. वक्तृत्व आहे, शिस्त नाही, असं ते म्हणायचे. रात्री मोबाईल बघत बसत असणार, असंही म्हणायचे.

तर दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. अक्कांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहा सांगितला. मी कोपऱ्यात उगाच घडी घातलेल्या फ्रॉकची पुन्हा घडी घालत होते. बाबांनी घसा साफ केला. तो घसा मी ओळखते, त्याच्यामागे प्रस्तावनेसकट भाषण असतं. एवढ्यात सायकल लागल्याचा आवाज आला आणि चादरीत बांधलेलं एक मोठं गाठोडं दारातून आत शिरलं. गाठोड्याच्या मागे ती होती.

आमच्या दुकानाचे शर्ट मागच्या कारखान्यात शिवले जातात आणि बटणं लावायला, धागे कापायला पूर्व भागातल्या घरांमध्ये जातात. तिची आई ते काम करायची, दुपारी यायची. सुट्टीत मी तिला पाहिलंही असेल, पण ती कुणाची आई हे मला काय माहीत, आणि आता तर त्या वेळी मी कॉलेजात असायचे. म्हणून मला कधी पत्ता लागला नव्हता. तिने गाठोडं काउंटरवर टाकलं आणि अक्कांना सांगितलं की आईला ताप आहे, म्हणून उशीर झाला. अक्का एकेक बटण ओढून बघत होत्या. त्यांनी विचारलं, समदी तूच लावलीस व्हय? ती म्हणाली, नेहमी निम्मी मीच लावते की, ह्या खेपेला सगळी लावली, रात्री बसले.

बाबा स्टुलावरून उठले. तिने पाहिलं आणि सवयीने आधी नमस्कार केला. मला वाटलं आता ही गडबडणार, पण ती कसली गडबडतेय. ओढणीने घाम पुसला आणि उभी राहिली. गडबडले ते बाबाच. त्यांनी विचारलं, तेही वर्गात विचारतात तसंच,

‘अगं, मग तू विरोधाची बाजू का घेतलीस?’

‘तुम्ही दिलीत सर. दुसरी दिली असतीत तर पाठ करावी लागली नसती.’

अक्का बटणं ओढायच्या थांबल्या. बाबांचे कान लाल झाले. मग ते काउंटरवर झुकून हळू आवाजात तिला म्हणाले की अजून वेळ आहे, जिल्ह्याच्या फेरीत आपण बाजू बदलून घेऊ, मी बोलतो आयोजकांशी.

‘नको सर. खरं बोलायला उभी राहिले की घरचं सगळं बाहेर येईल. हीच बाजू बरी आहे.’

एवढं बोलून तिने नव्या शर्टांचं गाठोडं बांधलं, सायकलच्या कॅरियरवर लादलं आणि गेली. जाताना माझ्याकडे बघून हसली, ‘तू पण इथेच का!’ अशा अर्थाचं. मला तिचा भयंकर राग आला. मी इतके दिवस हक्क, लढा, स्वातंत्र्य असले शब्द डोक्यात घेऊन फ्रॉकच्या घड्या घालत होते, आणि हिने एका गाठोड्यात माझ्या सगळ्या बंडाची हवा काढून घेतली. मला काम करून कुणीतरी व्हायचं होतं. तिला काम करूनही फक्त विद्यार्थिनी दिसायचं होतं.

बाबांनी साय धरलेला चहा एका घोटात संपवला आणि येतो म्हणाले. अक्का म्हणाल्या, सर, कायतरी सांगायचं म्हणत होता की. बाबा म्हणाले, नंतर सांगतो.

ते नंतर काही येईना. मी रोज दुकानात जात होते आणि रोज वाटायचं, आज बोलावून घेतील. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडतोय, दम धर. इकडे त्या मुलीच्या आईचं दुखणं लांबलं आणि गाठोडं घेऊन तीच यायला लागली. आमची थोडी मैत्रीही झाली. ती मला बटण न तुटता कसं लावायचं ते दाखवायची, आणि मी तिला सरांच्या घरातल्या गोष्टी सांगायचे, त्या ऐकून ती पोट धरून हसायची.

जिल्ह्याच्या फेरीला बाबा मला बरोबर घेऊन गेले. का, ते सांगितलं नाही. सभागृहात तिसऱ्या रांगेत आम्ही बसलो. ती स्टेजवर आली, अंगात वाढत्या अंगाचा शर्ट, बाह्या तळव्यांपर्यंत आलेल्या. आमच्याच दुकानाचा होता तो, लांबून ओळखला मी. आणि बोलली, आई शप्पथ, काय बोलली! बालपण, वही, स्वप्नं, सगळं. ‘वजनकाटा नव्हे’ला मूठ आपटली तेव्हा माईक हलला. माझ्या पुढची बाई पदराने डोळे टिपत होती. मी बाबांकडे पाहिलं. ते खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

भाषण संपल्यावर परीक्षकांनी एक प्रश्न विचारायची पद्धत असते. मधले परीक्षक कौतुकाने म्हणाले,

‘बाळ, फार तळमळीने बोललीस. तू स्वतः कधी असं काम केलं आहेस का?’

तिने मुठी शर्टाच्या बाह्यांमध्ये ओढून घेतल्या. तिची बोटं सुईने टोचून खरखरीत झालेली असतात, हे त्या सभागृहात तिघांनाच ठाऊक होतं.

‘नाही सर. मी फक्त अभ्यास करते.’

माझे बाबा दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी फळ्यावर ‘नेहमी खरे बोलावे’ असं लिहितात. वळणदार अक्षरात लिहितात आणि खाली रेघ मारतात. त्या उत्तरावर टाळी वाजवणारे ते पहिले होते. काही क्षण एकटेच वाजवत होते, मग सगळं सभागृह वाजवायला लागलं.

तिला पहिलं बक्षीस मिळालं. ढाल घेऊन ती रिक्षाने गेली आणि आम्ही स्कूटरवर निघालो. सात रस्त्याला आलो. सिग्नल लाल होता. समोर बघतच ते म्हणाले,

‘उद्या दुकानात ती येईल ना?’

उद्या दुकानात. मला तेवढं पुरे होतं, माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. मी म्हटलं, येईल की, शर्ट द्यायचेत तिला. सिग्नल सुटला तरी ते निघेनात, मागचे हॉर्न मारायला लागले.

‘तिला सांग, पहिल्या तासाला मागच्या बाकावर बसत जा म्हणावं. मी फळ्याकडे तोंड करून शिकवीन.’