पाण्याच्या पाळीचं घड्याळ

लग्न होऊन वडगाव निंबाळकरला आले तेव्हा माझ्या लवकरच लक्षात आलं, की सासऱ्यांच्या मनगटावरच्या चावीच्या घड्याळाला घरातल्या सुनेपेक्षा जास्त मान आहे. आमच्या चारीला, शेतात येणाऱ्या पाटाला, कॅनॉलचं पाणी आलं की कुणाचं दारं कधी मोडायचं, म्हणजे पाणी एकाच्या रानातून पुढच्याच्या रानात कधी वळवायचं, ते या घड्याळावर ठरे. पूर्वी जो तो आपापलं घड्याळ दाखवून भांडायचा. मग सगळ्यांनी ठरवलं, बांधावर घड्याळ एकच, आबांचं. सासऱ्यांना सगळा गाव आबाच म्हणायचा.

वरच्यांची पाळी झाली की तात्यांची, आणि सगळ्यांत शेवटी आमची. तात्या आमचे बांधशेजारी, वडिलोपार्जित मेंढरं विकून उसात पडलेले. आमची पाळी कॅनॉलवरचा पाटकरी संध्याकाळी गेट बंद करेपर्यंत चाले, आणि तो सरकारी वेळ पाळायचा. म्हणजे आबांचं घड्याळ पुढं पळालं, तर वरच्या प्रत्येकाचं पाणी लवकर तुटणार आणि उरलेलं सगळं आमच्या उसात येणार.

एका फाल्गुनात नेमकं तेच झालं. तात्यांची पाळी चारला संपायची, आणि चारलाच कारखान्याचा भोंगा व्हायचा. आबांनी घड्याळ बघून दारं मोडलं. पाणी आमच्या उसात चांगलं आत शिरलं, आणि मग भोंगा झाला. तात्यांच्या शेवटच्या सऱ्या अजून कोरड्या होत्या.

"आबा, चार आत्ता वाजलं," तात्या म्हणाले.

"भोंगा मागं पडला आसंल."

"गेल्या पाळीलाबी पडला हुता. भोंगा मागं पडतोय आन् पाणी तुमच्यात जातंय. बरं हाय."

चोर हा शब्द तात्यांनी काढला नाही, पण बांधावरच्या सगळ्यांना तो ऐकू आला. आबांनी घड्याळ मनगटावरून सोडलं. बारामतीला घड्याळाच्या दुकानात नेऊन दाखवायचं ठरलं, तेही तात्यांच्या समोर. तोवर ते ठेवायचं कुणाकडे? "सूनबाईकडं द्या," तात्या म्हणाले. मी त्यांच्या सासुरवाडीची, म्हणून माझ्यावर भरवसा. मला असा राग आला होता की घड्याळ घेताना मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीत दोघं दोन टोकांना बसले आणि मी घड्याळ पदराच्या गाठीत बांधून मध्ये. गेल्या वर्षी आमचाही ऊस पाण्यावाचून करपला होता. खरं सांगते, त्या प्रवासात माझ्याही मनात पाल चुकचुकली. आबांनीच काटे फिरवले असतील तर?

दुकानदाराने झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मशीन साफ आहे. बिघाड काही दिसत नाही."

तात्या आबांकडे बघत होते आणि आबा जमिनीकडे. तेवढ्यात दुकानदाराने खणातून एक छोटं होकायंत्र काढून घड्याळाजवळ धरलं. त्याची सुई गर्रकन फिरली.

"याच्यात चुंबकत्व भरलंय. आतली बारीक स्प्रिंग त्यानं चिकटते आणि घड्याळ पळतं. मोठ्या स्पीकरजवळ ठेवता का?"

दिवाळीला आमच्या ह्यांनी मोठ्या स्पीकरचा रेडिओ-टेप आणला होता. सकाळच्या बातम्यांआधीच्या ठोक्यावर घड्याळ लावायला सोपं जावं, म्हणून आबा रोज रात्री ते त्या स्पीकरला टेकवून झोपायचे. वेळ चुकू नये म्हणून केलेली ही काळजीच नडली होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, मुद्दाम तात्यांकडे बघून. वाटलं, सुटलो एकदाचे.

पण आबा बोलले. "रोज सकाळी पुढं गेल्यालं दिसायचं मला. मागं घ्यायचो. म्हणलं, सकाळी बरुबर लावलं की दिसभर बरुबर."

कुणी विचारलं होतं यांना? मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

चुंबकत्व उतरवायचं यंत्र विजेवर चालायचं, आणि लाइट गेलेली. ती येईपर्यंत आम्ही तिघं एका बाकावर बसलो. कुणी चहाचंही नाव काढलं नाही. लाइट आल्यावर घड्याळ त्या यंत्रातून फिरवलं, पुन्हा होकायंत्र धरलं, तर सुई हलली नाही. दुकानदाराने घड्याळ पुढं केलं. आबांनी हात पुढं केला नाही.

"त्यास्नी द्या. तात्या, आता तुमच्या मनगटावर वाजंल ते आमाला कबूल."

पुढच्या पाळीला मी काम सोडून बांधावर जाऊन उभी राहिले. दोन पाळ्यांची तहानलेली जमीन, पाणी पुढं सरकतच नव्हतं. चार वाजत आले तरी तात्यांच्या शेवटच्या सऱ्या कोरड्याच. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. त्यांनी आणखी थोडं पाणी ओढलं असतं तर कुणाच्या तोंडून शब्द निघाला नसता, निदान आमच्या घरातून तरी नाही. भोंगा झाला. तात्यांनी घड्याळ बघितलं आणि खोरं उचललं.

"तात्या, सऱ्या भिजू द्या," आबा म्हणाले.

"न्हाय आबा. वाजलं."

त्यांनी आपल्या हातानं आपलं दारं मोडलं. पाणी आमच्या उसात आलं. आबांनी मात्र तिकडे वळूनही पाहिलं नाही. पाटकरी येऊन गेट बंद करून गेला, तरी ते तात्यांच्या कोरड्या सऱ्यांकडे बघत तिथंच उभे होते.